सोळाव्या वर्षीची उचल, पंचेचाळिसाव्या वर्षीची वसुली

हृदयविकार हा उतारवयाचा, सुखवस्तू माणसाचा आणि बव्हंशी दुसऱ्याचा रोग आहे, ही समजूत आपल्या मध्यमवर्गात इतकी खोलवर रुजली आहे की, सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींशी या विषयावर बोलणे अनेकांना अनाठायी, किंबहुना अशुभ वाटते. शाळेत हृदयाची आकृती काढून चार कप्प्यांना नावे देण्याचा प्रश्न विचारला जातो; विद्यार्थी आकृती नेटकी काढतात आणि पुरे गुण मिळवतात. परंतु त्याच विद्यार्थ्याला स्वतःचा रक्तदाब किती, आजोबांना किंवा काकांना हृदयविकाराचा पहिला झटका कितव्या वर्षी आला, घरात महिन्याकाठी मीठ किती लागते, असे विचारले तर बहुतेकांजवळ उत्तर नसते. पुस्तकातले हृदय आणि छातीतले हृदय यांची गाठ घालून देण्याचे काम शाळेनेही केलेले नसते आणि घरानेही.

हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या पाहणीतील आकडेवारीवरून असे दिसून आले की, दक्षिण आशियातील माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत हे वय जवळजवळ ५९ आहे. सहा वर्षांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसेल. परंतु आपल्याकडील पगारदार कुटुंबात त्रेपन्नावे वर्ष म्हणजे मुलाचे शेवटचे शैक्षणिक वर्ष, मुलीचे लग्न आणि घराच्या कर्जाचे उरलेले हप्ते. शिवाय सरासरी त्रेपन्न याचा अर्थ असा की, कितीतरी माणसे त्याच्या बरीच आधी, चाळिशीतच आजारी पडतात. भारतातील एकूण मृत्यूंत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा १९९० मध्ये १५.२ टक्के होता. २०१६ मध्ये तो २८.१ टक्क्यांवर गेला. समाज ज्यांच्या शिक्षणावर वीस वर्षे खर्च करतो, त्यांचे कर्तृत्व ऐन भरात असताना तो त्यांना गमावतो, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

रोगाची सुरुवात केव्हा होते?

झटका पन्नाशीत येतो म्हणून रोगही पन्नाशीत सुरू होतो, असे मानण्याचे कारण नाही. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकीय जगाला धक्का बसला. या तरुणांचे सरासरी वय होते बावीस. युद्धावर पाठवण्याइतके ते धडधाकट होते. तरीही त्यांच्यापैकी ७७ टक्क्यांहून अधिक जणांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत रोगाच्या खुणा आढळल्या. पुढे अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या गावी मुलांची वर्षानुवर्षे पाहणी करण्यात आली. मुख्यतः अपघातांत दगावलेल्या २ ते ३९ वर्षे वयाच्या २०४ जणांच्या धमन्या तपासून १९९८ मध्ये असे दाखवून देण्यात आले की, धमन्यांच्या आतील अस्तरावर चरबीचे पट्टे बालपणापासूनच उमटू लागतात आणि धूम्रपान, रक्तदाब, वजन, रक्तातील चरबी यांपैकी जितक्या गोष्टी प्रतिकूल असतील तितके ते अधिक पसरतात.

ही प्रक्रिया समजून घेणे कठीण नाही. रक्तातील कोलेस्टेरॉलचा घातक अंश धमनीच्या अस्तरात शिरतो, तेथे साठतो, त्याभोवती दाह होतो आणि हळूहळू एक थर तयार होतो. वाढलेला रक्तदाब अस्तराला इजा करतो, तंबाखूचा धूर तिच्यात भर घालतो, रक्तातील जादा साखर ती भरून येऊ देत नाही. हे सारे वीस-तीस वर्षे चालू असताना माणसाला कसलीही वेदना होत नाही. मग एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते, धमनी बंद होते आणि ‘कालपर्यंत अगदी ठणठणीत होता हो’ असे लोक म्हणू लागतात. कालपर्यंत तो ठणठणीत दिसत होता, एवढेच खरे असते.

चक्रवाढीचा हिशेब

भविष्य निर्वाह निधीत नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पैसे का भरावेत, हे कोणत्याही कारकुनाला समजावून सांगावे लागत नाही. आरंभीची छोटी रक्कम अखेरच्या मोठ्या रकमेहून अधिक फळ देते, कारण तिला काळ मिळतो. धमन्यांचा हिशेब अगदी असाच, पण उलट्या दिशेने चालतो. सोळाव्या वर्षी ओढलेली विडी-सिगारेट, रोज पुड्यातून पोटात जाणारे जादा मीठ, बसून काढलेले दिवस यांतील प्रत्येक गोष्ट ही भविष्याच्या खात्यावरून घेतलेली उचल असते आणि तिच्यावर चक्रवाढ व्याज चढत जाते.

अडचण अशी की, उचल घेणारा आणि फेड करणारा हे नावाने एक असले तरी मनाने एक नसतात. अर्थशास्त्रात काळाची पसंती म्हणून एक संकल्पना आहे. आजचा एक रुपया माणसाला उद्याच्या रुपयाहून मोठा वाटतो आणि तीस वर्षांनंतरचा रुपया तर जवळजवळ शून्यच भासतो. किशोरवयात ही प्रवृत्ती सर्वांत तीव्र असते. पंचेचाळीस वर्षांचा आपण हा त्या मुलाच्या दृष्टीने परका गृहस्थ असतो. त्याच्या सुखासाठी आजचा कट्ट्यावरचा मान कोण सोडील? तेव्हा ‘पुढे त्रास होईल’ एवढाच उपदेश करणाऱ्याने, तीस वर्षांच्या सुटीने वटणारी हुंडी मुलाच्या हाती ठेवली, असे म्हणावे लागते. ती तो स्वीकारत नाही, यात नवल नाही.

उपचार स्वस्त झाले म्हणजे हा हिशेब बदलेल, असेही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने धमनीत बसवायच्या औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवून दिली. पूर्वी त्यासाठी लाखाच्या वर आकारणी होत असे. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह होते. परंतु स्टेंटने अरुंद झालेली एक जागा मोकळी होते; धमन्यांचे सारे जाळे पूर्ववत होत नाही, औषधे जन्मभर चालू राहतात आणि बुडालेला रोजगार कोणी भरून देत नाही.

पुण्याने जगाला दिलेला धडा

या विषयावर बोलू लागले की एक आक्षेप हमखास येतो. ज्या देशात मुले कुपोषित आहेत तेथे हृदयविकाराची चर्चा म्हणजे श्रीमंतांचे चोचले नव्हेत काय? या आक्षेपाला सर्वांत समर्पक उत्तर पुण्यातच मिळाले आहे, आणि पुणेकरांनाच ते फारसे ठाऊक नाही.

इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, जन्मतः कमी वजन असलेल्या व्यक्तींत पुढे हृदयविकाराचे मृत्यू अधिक होतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा उचलला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती स्त्रियांची व पुढे त्यांच्या मुलांची पाहणी सुरू झाली. या खेड्यांतील नवजात बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. साउदॅम्प्टनच्या बाळाचे ३.५ किलो. परंतु स्नायू आणि अवयव यांत जेवढी उणीव होती, तेवढी चरबीत नव्हती. दिसायला हडकुळे, पण शरीरात चरबीचा अंश अधिक, असे हे बाळ २००३ पासून जगभरच्या वैद्यकीय लिखाणात ‘थिन-फॅट’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याआधी, १९९९ मध्ये, याच रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी केलेली तपासणी प्रसिद्ध झाली होती. जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी अंगाने भरलेली, अशा मुलांत मधुमेह व हृदयविकार यांची पूर्वचिन्हे सर्वाधिक होती.

याचा अर्थ उघड आहे. कुपोषण आणि हृदयविकार ही दोन टोके नसून एकाच दोरीचे पीळ आहेत. ज्या कुटुंबाने कालपर्यंत अर्धपोटी दिवस काढले आणि ज्याच्या घरात आज पुड्यांतील खाद्यपदार्थ येऊ लागले, त्याच्याच मुलाला धोका अधिक. वडील सातारा किंवा भोरकडच्या खेड्यातून येऊन नोकरीला लागले, मुलगा शहरात बसून वाढला, हा तर पुण्याच्या निम्म्या मध्यमवर्गाचा इतिहास आहे. बारीक अंगकाठी हे निरोगीपणाचे प्रमाणपत्र नव्हे, हेही यातून ध्यानात येते. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के.

राष्ट्रीय पातळीवरील चित्र याला दुजोरा देते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत दहा ते एकोणीस वयोगटातील २४ टक्के मुलेमुली हडकुळी आढळली. त्याच वेळी सुमारे दहा टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती, पाच टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला होता आणि सोळा टक्क्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी प्रमाणाबाहेर होती. वर्गात साठ विद्यार्थी बसत असतील, तर त्यांतील तिघांचा रक्तदाब आजच वाढलेला आहे आणि हे त्यांना, त्यांच्या पालकांना वा शिक्षकांना माहीत नाही, असा याचा साधा अर्थ.

स्वारगेटचा परिसर काय सांगतो?

माणसाचे वर्तन त्याच्या ज्ञानावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते किंमत आणि अंतर यांवर अवलंबून असते. हे तत्त्व पडताळून पाहावयाचे असेल, तर स्वारगेटसारखी जागा नाही. सातारा, सोलापूर, बारामती, सासवडकडून येणाऱ्या एस. टी. गाड्या येथे थांबतात, शहर बससेवेचे हे मोठे ठाणे आहे आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मेट्रोही येथवर आली. योगायोग असा की, २९ सप्टेंबर हा जागतिक हृदय दिनही आहे. महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि अभ्यासिका यांकडे जाणारी हजारो मुलेमुली रोज या चौकातून जातात.

या चौकापासून पायी जाण्याच्या टप्प्यात नेहरू स्टेडियम आहे, सारसबाग आहे, थोडे पुढे गेले की पर्वतीच्या पायऱ्या आहेत. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेले, व्यायामाला वाहिलेले महाराष्ट्रीय मंडळ टिळक रस्त्यावर आहे. म्हणजे आरोग्याची सामग्री हाताशी आहे. परंतु सकाळी सहाला शिकवणी, नंतर महाविद्यालय, दुपारी पुन्हा शिकवणी आणि रात्री अभ्यासिका असा दिवस असलेल्या मुलाला पर्वती दोन कोसांवर असली काय आणि दहा कोसांवर असली काय, सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या वयात रोज सरासरी साठ मिनिटे घाम येईल अशी हालचाल हवी. २०१६ च्या आकडेवारीनुसार भारतातील अकरा ते सतरा वयोगटातील जवळजवळ तीन-चतुर्थांश मुले तेवढी हालचाल करीत नाहीत. मुलींची स्थिती मुलांहून वाईट आहे. कारण त्यांच्या बाबतीत मैदान जवळ असूनही सामाजिक संकोचामुळे ते दूरच राहते.

याउलट वडापावची गाडी, शेव-फरसाणाचा पुडा आणि पानाची टपरी यांच्यासाठी अंतर कापावे लागत नाही. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास आणि अठरा वर्षांखालील मुलांना ते देण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर आणि २०२० मध्ये सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली. सुट्या विक्रीवरील बंदीमागचे अर्थशास्त्र अचूक होते. विद्यार्थ्याच्या खिशाला पाकीट परवडत नाही, एक सिगारेट परवडते. व्यसनाचा उंबरठा तेवढ्याच उंचीचा असतो. परंतु सुटी सिगारेट मिळायची थांबली, असे कोणताही पुणेकर म्हणणार नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे सांगितले. धूर नसलेली तंबाखू निरुपद्रवी, हा महाराष्ट्रातील दृढ भ्रम आहे. मशेरी, मावा आणि चुन्याची चिमूट यांनी हृदयाची धडधड व रक्तदाब वाढतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत शासनाचे दोन हात एकमेकांविरुद्ध काम करताना दिसतात. शाळेच्या आवारात व त्यापासून पन्नास मीटरच्या आत अतिरिक्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० मध्ये झाला. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांत शीतपेयांवर ४० टक्के कर बसला, तर फरसाण, बिस्किटे, चॉकलेट आणि झटपट शेवया यांवरील कर पाच टक्क्यांवर उतरला. ग्राहकाला दिलासा म्हणून ही सवलत समजण्यासारखी आहे. तथापि दहा रुपयांचा पुडा ज्याच्या खिशाला सर्वांत सहज परवडतो तो ग्राहक शाळकरी आहे, हे विसरून चालणार नाही.

नुसत्या व्याख्यानांनी भागेल काय?

फिनलंडच्या नॉर्थ करेलिया प्रांतात हृदयविकाराचे मृत्यू जगात सर्वाधिक गणले जात. १९७२ मध्ये तेथे डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली लोकव्यापी प्रयत्न सुरू झाला आणि चार दशकांत कमावत्या वयातील पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. त्याच प्रयत्नाचा भाग म्हणून १९७८ मध्ये सातव्या इयत्तेतील मुलांसाठी शाळांत कार्यक्रम आखला गेला. तेथे फुप्फुसांची काळी चित्रे दाखवून घाबरवण्यावर भर नव्हता. मित्राने सिगारेट पुढे केली तर ती कशी नाकारायची, जाहिरात काय साधू पाहते, याचा सराव थोड्या मोठ्या मुलांकरवी करून घेतला जाई. दिल्ली व चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात अशाच धर्तीवर ‘मैत्री’ नावाचा प्रयोग झाला. जेथे कार्यक्रम राबवला तेथे दोन वर्षांत तंबाखूचे सेवन १७ टक्क्यांनी घटले. जेथे राबवला नाही तेथे ते ६८ टक्क्यांनी वाढले.

जाणीव म्हणजे माहिती नव्हे, हा या दोन्ही प्रयोगांचा निष्कर्ष आहे. तीस वर्षांनंतरच्या भीतीऐवजी आजचा लाभ, आजचे माप आणि आजची सोबत मुलांपुढे ठेवली, तरच ती वळतात. त्यात एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. लठ्ठ मुलाची चेष्टा आणि मुलींचे उपासमारीचे खूळ यांना आरोग्यशिक्षणाच्या नावाखाली खतपाणी मिळता कामा नये. पुण्याच्या संशोधनानुसार बारीक मुलगाही तितकाच चिंतेचा विषय आहे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट मापाची. मनगटाला नव्हे, दंडाला लावायचे रक्तदाबमापक यंत्र दोन-तीन हजार रुपयांत मिळते. शाळेत ते एक असावे आणि प्रशिक्षित शिक्षकाने आठवीपासून पुढे प्रत्येकाचा रक्तदाब वर्षातून एकदा, मुलाला पाच मिनिटे शांत बसवून, मोजावा. तेरा वर्षांनंतर १३० वर ८० किंवा त्याहून अधिक आकडा पुन्हा पुन्हा आला, तर डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते.

दुसरी गोष्ट घरातल्या प्रश्नाची. घराण्यात पुरुषाला पंचावन्न वर्षांच्या आधी किंवा स्त्रीला पासष्टच्या आधी हृदयविकार झाला असेल, तर मुलाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल एकदा तपासून घ्यावे. अडीचशे-तीनशे माणसांत एकाला जन्मजात वाढलेल्या कोलेस्टेरॉलचा वारसा असतो आणि तो वेळीच कळला तर उपाय आहेत. घसा दुखून ताप येणे आणि त्यानंतर सांधे सुजणे हेही दुर्लक्षिण्याजोगे नाही; त्यातून उद्भवणारा ऱ्हुमॅटिक हृदयविकार गरीब वस्त्यांतील मुलांच्या झडपा निकामी करतो, आणि तो वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनने टळतो.

तिसरी गोष्ट तासाची. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊन टाकण्याची प्रथा बंद झाली पाहिजे, आणि तो तास मुलींनाही तितकाच मिळाला पाहिजे. चौथी गोष्ट उपाहारगृहाची. शेंगदाण्याची चिक्की, उसळ, केळे, ताक हे पदार्थ पुड्यापेक्षा स्वस्त आणि पुढच्या काचेत असावेत. पुडे मागे गेले तरी चालतील. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचवले असताना भारतीय प्रौढ सरासरी आठ ग्रॅम खातो. या फरकात लोणचे, पापड, फरसाण आणि वरून घेतलेले मीठ यांचाही वाटा असतो. पाचवी गोष्ट शंभर यार्डांची. अकरावीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून टेप देऊन महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारापासून ते अंतर मोजू द्यावे, आत येणाऱ्या टपऱ्यांचा नकाशा करू द्यावा आणि तो प्राचार्यांच्या सहीने महापालिकेकडे व पोलिसांकडे पाठवावा. कायदा, भूगोल आणि आरोग्य हे तिन्ही विषय त्या एका दुपारी शिकून होतील.

या साऱ्याचा लाभ एका पिढीपुरता नाही. पुण्याजवळच्या त्याच खेड्यांत जन्मलेली मुले किशोरवयात आली, तेव्हा २०१२ पासून त्यांच्यापैकी काहींना ब-१२ जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग सुरू झाला. हेतू असा की, उद्याचे आईबाप आज सुदृढ झाले तर त्यांची बाळे अधिक चांगल्या ठेवीनिशी जन्माला येतील. तेव्हा सोळा वर्षांच्या मुलीच्या ताटात आज काय पडते, याचा संबंध २०७० सालच्या रुग्णालयातील खाटांशी आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, वेळापत्रके तयार होतील, पालकसभा भरतील. त्या सभेत गुणपत्रिकेच्या जोडीला मुलाच्या रक्तदाबाची एक ओळ मागण्याचा अधिकार पालकांना आहे. तो त्यांनी बजावला पाहिजे.